बाहेर पडतानाचं नाव

स्लाऊच्या आमच्या विहारात भुतांना मनाई आहे. तशी पाटी लावलेली नाही, कारण विहार रविवारी ज्या कम्युनिटी हॉलमध्ये भरतो तिथल्या भिंतीवर कागद चिकटवायचा तरी केअरटेकरला ईमेल करावी लागते. पण समज पक्का आहे. आम्ही बहुतेक नागपूर, भंडारा, अमरावतीकडची माणसं, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतली. मुंजा, हडळ, अंगात येणं, उतारा टाकणं, हे सगळं आमच्या आजोबांनीच टाकून दिलं. त्यामुळे कांताबाई रामटेके यांना वारलेल्या नवऱ्याचे सकाळी आठ वाजता मेसेज येऊ लागले, तेव्हा आमची पंचाईत झाली. देवभोळ्या लोकांचं बरं असतं. अशा वेळी बोलवायला त्यांच्याकडे माणूस असतो.

आधी सकाळची पद्धत सांगतो. ती घालून दिली कांताबाईंच्या नवऱ्यानेच, म्हणजे माझा मित्र सुखदेव याने. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्यातले एक गृहस्थ घरी एकटेच वारले आणि पाचव्या दिवशी सापडले, तेही मीटर वाचायला आलेल्या माणसाला. विहारात सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली. सुखदेव तिसरं मिनिटही उभाच राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला सकाळी आठला फोन करू लागला. ‘जय भीम, उठलात का?’ एवढंच. आपण ‘जय भीम, उठलो’ म्हणायचं की फोन बंद. नऊपर्यंत कोणी उचलला नाही, तर सुखदेव कोट चढवून त्याच्या दारात. मी त्या यादीत सातवा. एकदा मी मुद्दाम फोन उचलला नाही, म्हटलं बघू काय करतो. नऊ वाजून चार मिनिटांनी त्याने लेटरबॉक्सच्या फटीतून मला पायजम्यात पाहिलं, ‘उठलात’ म्हणाला आणि निघून गेला.

पुढे यादी सतरावर गेली आणि सुखदेवला आठव्या फोनलाच दम लागू लागला. तेव्हा सम्यक मदतीला आला. हा सुखदेवच्या भावाचा नातू, तिशीतला, नागपूरहून वर्क व्हिसावर आलेला. इथे ट्रेडिंग इस्टेटजवळच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. प्रत्येक म्हाताऱ्यामागे विहारातला एक सोबती नेमला. आठ वाजता स्क्रिप्ट सगळ्यांना तोच मेसेज पाठवायची, वर सोबत्याचं नाव असायचं, आणि आपण दिलेलं उत्तर त्याच सोबत्याच्या फोनवर जायचं. नऊपर्यंत उत्तर आलं नाही, तर सोबत्याने जाऊन बेल वाजवायची. माझ्या वाट्याला यतीन नावाचा मुलगा आला. बँकेत आहे, पळत येतो आणि पळत जातो. सुखदेवनेही स्वतःकडे एका बाईंचं सोबतीपण ठेवून घेतलं होतं. अगदीच रिटायर होणं त्याला जमत नव्हतं.

नोव्हेंबरात सुखदेव गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या. आणि दुसऱ्या आठवड्यात, ज्या यादीसाठी तो एवढा खपला त्या यादीत त्याच्याच बायकोचं नाव घालावं लागलं. एकटी राहणारी, वय चौऱ्याहत्तर. सोबती म्हणून सीमा. सीमा अमरावतीची, दोन गल्ल्या पलीकडे राहते, केमिस्टच्या दुकानात काम करते आणि कांताबाईंना काकू म्हणते.

जानेवारीत सीमाला कामावर उशीर होऊ लागला. आठवड्यातून दोन दिवस तरी कांताबाईंचं उत्तर येत नसे. सीमा धावत जाऊन बेल दाबी, मनात नको नको ते. दार उघडलं की आत कांताबाई आंघोळ केलेल्या, वेणी घातलेल्या, चहा पुढ्यात. तिसऱ्या का चौथ्या वेळी सीमाने जरा चिडूनच विचारलं की काकू, उत्तर का देत नाही. कांताबाई म्हणाल्या, दिलं की. कोणाला दिलं? तर म्हणाल्या, ‘ज्यांचा मेसेज आला त्यांना. आज तुझा नाही आला. यांचा आला.’

सीमाने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण हातातली पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

मी कांताबाईंकडे गेलो. स्लाऊमधली जुनी घरं तुम्हाला माहीत असतील: अरुंद जिना, बोळात कोट, वरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोला उतरणारं विमान. सुखदेवचा कोट खुंटीवर होता. त्याबद्दल मी काही बोललो नाही; माझ्याही घरी एक आहे, बायकोचा. कांताबाईंनी सगळं सरळ सांगितलं, जसं बॉयलरबद्दल सांगावं. फोन थरथरतो. नाव येतं, सुखदेव रामटेके. खाली जय भीम, उठलात का. त्या उत्तर देतात आणि मेसेज पुसून टाकतात. का पुसता? तर सुखदेवनेच शिकवलेलं, की मेसेज साठले की फोन भरतो. चाळीस वर्षांत नवऱ्याचं एवढं एकच म्हणणं त्यांनी बिनतक्रार ऐकलं, आणि नेमका त्यामुळे पुरावा राहिला नाही.

मी जपून विचारलं की त्यांना काय वाटतं, हे काय असेल.

‘भूतबित मी मानत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण मेसेज येते, ते तर मानावं लागते ना भाऊ.’

परत येताना बसमध्ये मी दोनदा फोन काढून पाहिला.

रविवारी वंदना झाल्यावर कमिटी बसली. सेक्रेटरी सतीश मेश्राम. त्यांनी विषयपत्रिकेवर ‘तांत्रिक अडचण’ असं लिहिलं होतं, आणि पाऊण तास आम्ही अकरा विवेकवादी माणसं तांत्रिक अडचण सध्या आठवड्यातून किती वेळा येते, तिला काय हवं असेल, आणि ती फक्त कांताबाईंनाच का दिसते यावर बोलत होतो. मेसेज पोचवणाऱ्या कंपनीला विचारावं असं ठरलं. मेश्रामांनी सोमवारी फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकवल्यासारखं काहीतरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली आणि म्हणाली की माहिती फक्त खातेदारालाच देता येईल. खातं सुखदेवच्या नावावर. ते वारले असं मेश्रामांनी सांगितलं. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग म्हणाली, असं असेल तर त्यांनी ईमेल केली तरी चालेल.

सम्यकने आपल्या बाजूने स्क्रिप्टची नोंद काढून पाहिली. त्यात रोज, न चुकता, कांताबाईंच्या मेसेजवर सीमाचंच नाव होतं. सुखदेवचं एकदाही नाही.

इथपर्यंत हा आमच्यातला मामला होता. मग तो वॉटफर्डला पोचला.

वॉटफर्डला अर्चना राहते, कांताबाईंची एकुलती मुलगी. जन्म इथला, त्यामुळे तिचं मराठी पुल्लिंगी आहे. पण आईवर जीव. बाप गेल्यापासून तिचं एकच चाललं होतं की आईने घर सोडून तिच्याकडे यावं. कांताबाईंना यायचं नव्हतं. एकदा एका नवऱ्यासाठी नागपूर सोडलं तेवढं पुरे, असं त्या म्हणत. आता अर्चनाने नोंद पाहिली, आई म्हणते ते ऐकलं, आणि एरवी तीन-तीन महिने न मिळणारी जीपीची, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट तिला पुढच्याच महिन्यातली, गुरुवारची, मिळाली. आईची मेमरी तपासायची. तपासणीत काहीही निघो, एवढं झाल्यावर आईला एकटं ठेवायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. वॉटफर्डची खोली रंगवूनही झाली होती. कांताबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं की आलेला मेसेज आला म्हणणं हा जर आजार असेल, तर पोस्टमनलाही तपासा.

गंमत म्हणजे त्या दिवसांत आमच्यातल्या कोणालाच कांताबाई भ्रमल्यात असं खरंखुरं वाटत नव्हतं. वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. उलट सकाळी पावणेआठ वाजल्यापासून स्लाऊमध्ये सोळा म्हातारी माणसं फोन समोर ठेवून बसू लागली. हे मला हळूहळू कळलं. एकाने सम्यकला बाजूला घेऊन विचारलं की माझ्या मिसेसचं नाव कधी चुकून यादीत घातलं नव्हतंस ना. दुसऱ्या बाईंनी विचारलं की घालता येईल का. मी विचारलं नाही. माझी बायको हयातीतही मेसेज करत नसे. तरी आठ वाजता स्वयंपाकघरात पाईप आतल्या आत टकटक करू लागले, की मी फोन उलटा करून ठेवी आणि मग लगेच सुलटा करी. यतीनचं नाव आलं की सुटल्यासारखं वाटे. सुटल्यासारखं म्हणजे काय, ते नीट सांगता येणार नाही.

सम्यकला हे फार लागलं होतं. स्क्रिप्ट त्याची, आजी त्याची. अर्चनाला तो म्हणाला की पंधरा दिवस दे, मी प्रत्येक मेसेजवर नजर ठेवतो. आणि त्याने ठेवली. स्क्रिप्टमध्ये त्याने असं काही घातलं की प्रत्येक मेसेज काय नाव घेऊन निघाला ते लगेच छापलं जावं. कांताबाईंनाही बजावलं की आता काही पुसायचं नाही.

पहिल्या दिवशी सीमाचं नाव. दुसऱ्या दिवशी सीमा. आठवडा गेला, दुसरा लागला. रोज सीमा. कांताबाई रोज सीमाला उत्तर देत होत्या, सीमा वेळेवर कामाला जात होती, आणि फोनमध्ये सुखदेवचा एकही मेसेज नव्हता. अर्चनाने आईला काही बोलून दाखवलं नाही. तिने फक्त वॉटफर्डच्या खोलीला पडदे लावले.

अपॉइंटमेंटच्या आधीच्या शनिवारी सकाळी सम्यक माझ्याकडे आला. तो आजीला भेटून येत होता आणि कोटही न काढता खुर्चीवर बसला. त्याने आजीची माफी मागितली होती, की काही सापडलं नाही. त्यावर ती म्हणाली होती, ‘तू पाहून राहिला ना, म्हणून येत नाहीत ते. पाहणं बंद कर.’

‘मी हसलो, काका,’ सम्यक म्हणाला. ‘गेटपर्यंत आलो आणि हसू थांबलं. ती बरोबर बोलतेय.’

मला वाटलं, हाही गेला. पण त्याने माझ्या टेबलावरची पाकिटं पुढे ओढली आणि समजावून सांगू लागला. ते मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल.

स्क्रिप्टमधून निघणाऱ्या प्रत्येक मेसेजला एक पाकीट असतं म्हणा. मेसेज आत. पाकिटावर लिहायचं की पाठवणारा कोण आणि उत्तर कोणाकडे जावं. त्या वरच्या मजकुराला हेडर म्हणतात. आता सतरा मेसेज एकामागून एक पाठवले तर वेळ जातो, म्हणून सम्यकने ते एकदम सुटतील असं केलं होतं. एकाचं काम कुठे अडलं, फोन नंबर यायचा आहे, लाईन मिळायची आहे, तर त्याने बाजूला थांबायचं आणि तेवढ्यात दुसऱ्याने पुढे यायचं. सुगरण जशी एका शेगडीवरचं शिजेपर्यंत दुसरीकडे वळते, तसं. यात वाईट काही नाही, सगळं जग असंच चालतं म्हणे. पण सम्यकने सतरा जणांसाठी पाकीट एकच ठेवलं. आधीचं नाव पुसायचं आणि नवीन लिहायचं. एकजण नाव लिहून दाराशी थांबला, तेवढ्यात दुसरा आला आणि त्याच पाकिटावर आपलं नाव लिहून गेला, तर पहिला निघतो तो दुसऱ्याचं नाव घेऊन.

मग नोंदीत बरोबर नाव कसं? कारण सम्यक नाव लिहिल्या लिहिल्या टिपून घेत होता. बाहेर पडताना पाकिटावर काय होतं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि या पंधरा दिवसांत त्याने आणखी एक गोष्ट केली होती. नोंदी एकमेकींत मिसळू नयेत, वाचायला सोप्या जाव्यात, म्हणून पाहणी चालू असेपर्यंत सगळ्यांना एका रांगेत उभं केलं होतं. रांगेत कोणी कोणाच्या पाकिटाला हात लावत नाही. म्हणून त्याने पाहायला सुरुवात केली, आणि सुखदेव यायचा थांबला.

‘पण सुखदेवचं नाव आलं कुठून?’ मी विचारलं. ‘तो तर गेला.’

सम्यक म्हणाला की ते मेश्रामकाकांना विचारलं पाहिजे. आम्ही तिथूनच फोन लावला. मेश्राम शांतपणे म्हणाले की यादीत सुखदेव आहे म्हणजे काय, असणारच. आपल्या विहाराच्या वहीत कोणाचं नाव कधी खोडलं आहे? ज्यांची नावं कोणी कुठे लिहून घेत नव्हतं अशा लोकांची वही आहे ती. कोणी गेलं की शेरा लिहायच्या रकान्यात ‘कालकथित’ घालायचं आणि तारीख लिहायची. तीच पद्धत त्यांनी कॉम्प्युटरवरच्या यादीत पाळली होती, आणि अगदी चोख पाळली होती. स्क्रिप्टला मात्र तो रकाना वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या लेखी सुखदेव रामटेके रोज सकाळी आठ वाजता कामावर हजर होता. तो ज्या बाईंचा सोबती, त्या ऑक्टोबरातच मुलाकडे नागपूरला गेल्या. त्यामुळे सुखदेव यायचा, पाकिटावर नाव लिहायचा, पाठवायला नंबर नाही असं पाहून तसाच निघून जायचा. आणि मेश्रामांनी कांताबाईंची ओळ घातली होती ती बरोबर त्याच्या वर. नवरा-बायको जवळ असावेत म्हणून.

त्यात भर म्हणजे माझं आणि यतीनचंही अधूनमधून असंच होत आलं होतं. तो फोन करून विचारी की काका, रिप्लाय नाही आला. मी म्हणे की दिला. तो माझ्या वयाला दोष देई आणि मी नेटवर्कला. जिवंत माणसांच्या नावांची अदलाबदल झाली तर कोणी ढुंकून पाहत नाही.

आता हे सगळं तर्काने झालं. अर्चनाला तर्क पुरणार नव्हता, तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं, आणि गुरुवार पाच दिवसांवर होता. सम्यकने रांग काढून टाकली आणि अगदी दाराशी एक पहारेकरी बसवला. प्रत्येक पाकीट बाहेर पडत असताना त्याने वरच्या मजकुराची नक्कल करून घ्यायची. कोणाला थांबवायचं नाही, काही छापायचं नाही, नुसतं लक्षात ठेवायचं, आणि सगळे गेले की मग लिहून काढायचं. चांगला पहारेकरी असाच असतो.

सोमवारी सीमाचं नाव आलं. मंगळवारीही सीमाचंच. सम्यकचा चेहरा पाहवेना.

बुधवारी थंडी कडक होती. अर्चना आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आली होती, गुरुवारी आईला जीपीकडे न्यायचं म्हणून. कमिटीने मला निरीक्षक नेमलं असल्यामुळे मीही पावणेआठला कांताबाईंच्या स्वयंपाकघरात हजर झालो. टेबलावर सम्यकचा लॅपटॉप, शेजारी कांताबाईंचा फोन. वरून एक विमान गेलं, कपाटातल्या कपबशा किणकिणल्या आणि थांबल्या. अर्चना आईकडे पाहत होती, आई फोनकडे. मी मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेलो आहे, अंत्ययात्रांना गेलेलो आहे. पण अशी शांतता मी पाहिलेली नव्हती. जणू कोणी तरी जिना उतरत होतं आणि आम्ही पायऱ्या मोजत होतो.

आठ वाजता फोन थरथरला. कांताबाईंनी पाहिलं. फोन उचलून आमच्यासमोर ठेवला.

सुखदेव रामटेके. जय भीम. उठलात का?

अर्चनाने तोंडावर हात ठेवला. ज्याचा फोन तिने स्वतः डिसेंबरात बंद करवला होता, त्या बापाचं नाव तिच्या समोर उजळलेलं होतं. मला सगळा उलगडा माहीत होता, पाकीट माहीत होतं, रकाना माहीत होता. तरी माझ्या मानेवरून काहीतरी सरकत गेलं. उलगडा डोक्याला होतो. मानेचा आणि डोक्याचा तेवढा संबंध नसतो.

सम्यकने लॅपटॉप वळवला. दोन ओळी दाखवल्या. लिहिताना: सीमा. बाहेर पडताना: सुखदेव रामटेके. मग त्याने अर्चनाला इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना ती रडत होती.

‘आई, मला तू खोटा नाही वाटला,’ ती म्हणाली. ‘मला भीती वाटला.’

कांताबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. सरळ उठून तिला चहा दिला. अर्चनाने तिथूनच जीपीकडे फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली. मला वाटलं, संपलं. पण अर्चना त्यांचीच मुलगी. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली की आई वेडी नाही हे कळलं. पण बाबांच्या नावाने आलेल्या मेसेजला आई उत्तर देणार, ते उत्तर कोणाला मिळणार नाही, आणि एखाद्या दिवशी आई या फरशीवर पडलेली असेल तेव्हाही तसंच होईल. सीमा किती दिवस धावत येणार? तेव्हा एकतर आईने कबूल करावं की रोज सीमालाच कळवेन, काही झालं तरी, नाहीतर पडदे लावलेले आहेत.

सम्यक म्हणाला की प्रश्नच नाही, दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येकाला आपापलं वेगळं पाकीट द्यायचं, झालं. त्याने बोटं की-बोर्डवर ठेवलीसुद्धा.

‘थांब,’ कांताबाई म्हणाल्या. ‘माझी उत्तरं कुठं गेली रे?’

सम्यकने सांगितलं की कुठेच नाही. तो नंबर बंद आहे, त्यामुळे ती वाटेतच टाकून दिली जातात.

‘चौदा होती.’ त्यांनी चहाचा कप सरकवला. ‘मी काही नुसतं जय भीम लिहिलं नाही. बॉयलर दुरुस्त झाला ते लिहिलं. सतीशभाऊंनी भाषण किती लांबवलं ते लिहिलं. हिच्या पोराची ड्रायव्हिंग टेस्ट झाली ते लिहिलं.’

पोराच्या टेस्टचं त्यांनी सीमाला, मला, कोणालाच सांगितलं नव्हतं. चौदा सकाळी एक बाई हवेला घरची खबर देत होती, आणि आम्ही तिच्यावर ठराव करत होतो.

‘उद्याचा दिवस राहू दे तसंच,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या मी सांगितलं की बंद कर.’

अर्चनाने मान हलवली, नको म्हणून. सम्यक म्हणाला की आजी, उद्या तेच नाव येईल असंही नाही, ते लाईन कधी मिळते त्यावर आहे, कधी येतं कधी नाही. त्या म्हणाल्या की माहीत आहे, ते नेहमीच असे होते. शेवटी अर्चना आणखी एक दिवस राहिली. तिने ऑफिसला फॅमिली इमर्जन्सी असं कळवलं. तिची बॅग रात्रभर बोळातच होती, कांताबाईंची सूटकेस तिच्या शेजारी. ती अर्चनानेच माळ्यावरून काढून आणली होती. धमकी नव्हे, तयारी म्हणून.

गुरुवारी मी पुन्हा गेलो. निरीक्षक म्हणून जायचं कारण उरलं नव्हतं. ते कोणी विचारलंही नाही. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. सम्यक लॅपटॉप उघडून बसला होता, पण पहारेकऱ्याकडे बघत नव्हता. आठ वाजले. आठ वाजून पाच सेकंद, दहा सेकंद. कांताबाईंनी दोन्ही हात फोनच्या दोन्ही बाजूंना ठेवले होते, जेवणाच्या ताटाला धरून बसावं तसे.

फोन थरथरला. मी बसलो होतो तिथून मला उलटं दिसत होतं, पण वाचायची गरज नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. सुखदेवच आला होता.

त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. आठ-वीस झाले. चहावर साय धरली. अर्चनाने एकदा ‘आई’ म्हटलं, हळूच. कांताबाईंचं बोट काचेवर गेलं, अक्षरांचा फळा वर आला. त्यांनी काहीतरी टाइप केलं. मी मान फिरवली. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकू नये एवढं मला कळतं. बॉयलर चांगला चालला असेल, किंवा हिने तिकडे खोलीला पडदे लावले, किंवा नुसतंच जय भीम. आठ-चाळीस झाले. सम्यकने हात मांडीखाली दाबून धरले होते. मग नऊला पंधरा मिनिटं उरली. आणि मग कांताबाईंनी जे लिहिलं होतं ते एकेक अक्षर मागे घेतलं, सगळं, शेवटपर्यंत. फळा खाली गेला. सुखदेवचं नाव तेवढं राहिलं.

त्यांनी फोन कानाला लावला.

‘सीमा, मी कांता. उठली आहे.’

पलीकडे सीमा बसमध्ये असावी. गलका ऐकू येत होता. तिने काय म्हटलं ते कळलं नाही, पण कांताबाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, की त्या उठल्या आहेत आणि बऱ्या आहेत. सीमाला तरीही ऐकू आलं नाही. तिने बहुधा मेसेज करायला सांगितलं.

‘मेसेज नाही,’ कांताबाई म्हणाल्या. ‘ऐक. यांचा आला आहे, पण मी तुला सांगून राहिली. तू येते धावत, म्हणून तुला. उठली आहे मी.’

हे तिसरं ‘उठली आहे’ भिंतीपलीकडच्या पोलिश बाईलाही ऐकू गेलं असणार. बसमध्ये सीमाला ते कळलं. तिने काही विचारलं नाही, ‘बरं काकू’ म्हणाली आणि फोन ठेवला. नऊला अकरा मिनिटं कमी होती.

कांताबाईंनी सम्यककडे न पाहता म्हटलं, ‘आता कर.’ त्याने केलं. दहा मिनिटांचं काम म्हणाला होता, चार मिनिटांत झालं.

अर्चना बोळात गेली. जिन्यावर पावलं वाजली, वर माळ्याचं दार उघडल्याचा आणि सूटकेस आत ढकलल्याचा आवाज आला. खाली येऊन तिने आपली बॅग उचलली, आईला सांगितलं की एम ट्वेंटीफाइव्हला आता ट्रॅफिक असेल, आणि एकटीच गाडीत जाऊन बसली. गाडी बराच वेळ सुरू झाली नाही. कांताबाई खिडकीवरची वाफ पुसून पाहत होत्या, आणि गाडी गेल्यावरच त्यांनी चहा पुन्हा गरम करायला ठेवला.